उसाच्या फडाशेजारी सात रात्री

"मराठवाड्यात कसली आली आहे थंडी!" हे वाक्य पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता मी वाद घालीत नाही. त्यांच्या मते थंडी असते ती महाबळेश्वरला, नाही तर थेट सिमल्याला. मराठवाडा म्हटला की ऊन, टँकर आणि दुष्काळ एवढीच तीन चित्रे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. मी फक्त एवढेच सुचवितो की, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक रात्र आमच्याबरोबर कुंभार पिंपळगावच्या रानात, कापडी मांडवाखाली काढावी आणि मग सकाळी चहा घेताना हा विषय पुन्हा काढावा. अर्थात त्या वेळी दातांवर दात वाजत नसतील तर!

समुद्र आमच्यापासून दूर. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की आपली ऊब बिनदिक्कत आभाळाला देऊन टाकते आणि तिला अडवायला ढगाची एक चिंधीसुद्धा वर नसते. दुपारी सदरा नकोसा व्हावा आणि पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरावा, असा हा प्रकार. त्यातून जमीन काळी, पाटाच्या पाण्याने ओलावलेली. हिला इकडे 'थंडी' म्हणत नाहीत, 'हीव' म्हणतात. 'लई हीव पडलं' असे कोणी म्हटले की, थंडी हा पावसासारखा वरून पडणारा पदार्थ आहे, हे पटू लागते.

आता हौसेने तंबूत राहणाऱ्या मंडळींची गोष्ट वेगळी. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला हिवाळ्यात रंगीबेरंगी तंबूंची गावेच्या गावे वसतात. आमच्याच कॉलनीतले एक कुटुंब मागच्या वर्षी जाऊन आले. पिसे भरलेल्या झोपण्याच्या पिशव्या, डोक्याला बांधायचे दिवे, वाफाळते सूप, सारे काही भाड्याने मिळते म्हणे. त्याला माझी ना नाही. मला दर हिवाळ्यात सात रात्री बाहेर काढाव्या लागतात त्या मात्र हौसेने नव्हेत, राष्ट्रीय सेवा योजनेपायी. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तिच्यात सात दिवसांचे निवासी शिबिर असते आणि ते बहुधा नाताळाच्या सुमारास येते. मराठीच्या प्राध्यापकाला दुसरे काम नसते, अशी विज्ञान शाखेच्या मंडळींची ठाम समजूत असल्यामुळे हे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे.

कुंभार पिंपळगावला जायचे म्हणजे जालन्याहून अंबडला यायचे, मत्स्योदरी देवीच्या टेकडीला गाडीतूनच हात जोडायचे आणि घनसावंगीवरून पुढे निघायचे. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधी हा सगळा भाग औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असे आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जवळच जांब समर्थ. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, १६०८ सालचा. आमची मुले एका दुपारी तिथे जाऊन दर्शन घेऊन येतात. कुंभार पिंपळगाव स्वतः मात्र यात्रेचे गाव नव्हे, बाजाराचे आहे. आसपासच्या खेड्यांतली माणसे इथे कापूस, तूर, ज्वारी, बी-बियाणे आणि लग्नाचा बस्ता यांसाठी येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने, रसवंत्या, भजी तळणाऱ्या कढया. जुन्या वस्तीत अजून काही माळवदी घरे दिसतात. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा धाबा. थंडीवर माणसाने काढलेला याहून चांगला तोडगा माझ्या पाहण्यात नाही. पण ही घरे पडली की त्यांच्या जागी पत्रा येतो. पत्र्याखाली हिवाळ्याची रात्र काढणे म्हणजे बर्फाच्या ताटाखाली निजणे.

दक्षिणेला काही मैलांवर गोदावरी. तिला इकडे सगळे 'गंगा'च म्हणतात. गंगेच्या पलीकडे बीड जिल्हा. पैठणला जायकवाडी धरण झाले, त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा डावा कालवा दोनशे आठ किलोमीटरांचा. तो या भागातून पुढे परभणीकडे जातो. पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले आणि कारखान्यांमागून, दर वर्षी दिवाळी आटोपली की, गंगेपलीकडच्या डोंगरपट्ट्यातून ऊस तोडणारी माणसे आली. आमच्या शिबिराच्या मैदानाला लागून एक मोकळे रान आहे. तिथे त्यांचा तळ होता. वीस-पंचवीस कोप्या, दहा-बारा बैलगाड्या, दोन ट्रॅक्टर, असंख्य कुत्री आणि त्याहून असंख्य मुले.

शाळेने मुलींसाठी दोन खोल्या दिल्या होत्या. मुलांसाठी मैदानावर कापडी मांडव. मांडववाल्याने बाजूंना कनाती लावल्या, खाली प्रत्येकी एक सतरंजी दिली आणि 'बिनघोर झोपा' असे सांगून तो निघून गेला. मुलांनी घरून रजया आणल्या होत्या, काहींनी दोन-दोन. तरी पहिल्या रात्री दोनच्या सुमारास अर्धा मांडव जागा होता. जो तो रजई आणखी आवळून घेई आणि तरी कुडकुडे. सकाळी चूल पेटविण्यासाठी विस्तव मागायला आमची दोन मुले तळावर गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक म्हातारी आजी आल्या. नऊवारी लुगडे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी मांडवात डोकावून पाहिले आणि मला विचारले, "सर, लेकरांच्या खाली काय टाकलंय?"

मी सतरंजी दाखविली.

"वर कितीबी घाला," आजी म्हणाल्या, "भुई खालून ओढती. आधी भुईचं बघावं, मग आभाळाचं."

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उष्णतावहनाचा धडा आठ-दहा पानांचा असतो. आजींनी तो एका वाक्यात संपविला. अंगाच्या भाराने खालचे कापूस-कापड दबते, त्यात हवा राहत नाही आणि उब राखते ती हवाच. म्हणून वरची दुसरी रजई अंगाखाली घेतली तर ती अधिक कामाची. त्याहून कामाचे म्हणजे पाचट. तोडलेल्या उसाची वाळलेली पाने या रानात हवी तेवढी पडलेली असतात. आजींच्या सांगण्यावरून मुलांनी दुपारी शेतमालकाला विचारून गाडीभर पाचट आणले, उन्हात पसरून झाडले, वीतभर जाडीचा थर अंथरला, त्यावर बारदान आणि मग सतरंजी. पाचट उन्हात झाडायचे कारण केवळ ओल नव्हे. त्यात विंचू असतात. त्या रात्री मांडवातून घोरण्याचे आवाज येऊ लागले.

मग मला त्या तळाचीच गोडी लागली. श्रमदान आणि बौद्धिके यांतून वेळ मिळाला की मी तिकडे जाऊन बसत असे. सुरुवातीला मुकादमाला वाटले, मी कोणी सरकारी मोजदाद करणारा आहे. मराठी शिकवितो म्हटल्यावर त्याची भीती गेली.

कोपी बाहेरून दिसते तेवढी साधी नसते. ती जागा निवडण्यापासून सुरू होते. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून ओढ्याच्या काठी, पाण्याच्या सोयीसाठीसुद्धा, कोपी घालीत नाहीत. जरा उंचवट्यावर घालतात आणि पाणी डोक्यावरून आणतात. सभोवती वीतभर खोलीचा चर. हिवाळ्यात पाऊस कुठला, असे म्हणून चर न खणणारे २०२३ च्या नोव्हेंबरअखेर फसले. त्या वेळी मराठवाड्यात अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. कोरड्या थंडीत माणूस तग धरतो; पण भिजलेला माणूस वाऱ्यात सापडला तर दहा-बारा अंशसुद्धा त्याच्या जिवावर उठतात. कोपीचे तोंड वाऱ्याकडे पाठ करून. ते इतके बुटके की आत जाताना प्राध्यापकालाही नमस्कार घालावा लागतो. वाकविलेल्या काठ्या, त्यांवर चटया किंवा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पाचट. नुसता कागद घातला तर रात्रभर श्वासाचे पाणी आतून थेंबथेंब गळते आणि पहाटे अंथरूण ओले होते. कागदाच्या कडा एका बाजूला मुद्दाम उघड्या ठेवतात. महागड्या तंबूंना वर जाळीची खिडकी असते, तिचे काम हेच.

आत मध्यभागी माणसे नवरा, बायको, पोरे अशी चिकटून निजतात. अंगावर वाकळ. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांच्या थरांना टाके घालून केलेली गोधडी. एक जाड कापड आणि दहा पातळ कापडे यांत ऊब कशाची अधिक, याचे उत्तर ज्याने पहिली वाकळ शिवली त्या बाईला ठाऊक होते. दिवसभर घामाने भिजलेले कपडे अंगावर ठेवून कोणी झोपत नाही, कितीही दमलेले असो. ते वळणीवर जातात आणि कोरडा जोड अंगावर येतो. कानटोपी मात्र रात्रीसुद्धा निघत नाही.

दारूविषयीही तिथे माझी समजूत पक्की झाली. तळावर पिणारे होते, नाही असे नाही. घोटाने अंग तापते असे वाटते खरे; पण होते ते असे की, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि पोटातली ऊब बाहेर निघून जाते. पिऊन बाहेरच आडवा झालेला माणूस पहाटे सगळ्यांत आधी गारठतो. "पेलेल्याला आधी आत ओढायचा, भांडण सकाळी करायचं," असा तिथल्या बायकांचा नियम.

एकदा शेजारच्या पडीक रानात धनगराचा वाडा उतरला. वाघरीत, म्हणजे जाळ्यांच्या कुंपणात, दीड-दोनशे मेंढरे कोंडून तो शेत बसवीत होता. मेंढरांच्या लेंड्यांचे खत शेताला, त्याचे धान्य धनगराला. त्याला ना कोपी, ना मांडव. एक घोंगडी. विणताना तिच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे ती टणक राहते, वाऱ्याला दाद देत नाही, आणि लोकर दवाने भिजली तरी ऊब पूर्ण सोडीत नाही. तो घोंगडीची खोळ करून डोक्यापासून घेतो आणि मेंढरांच्या कडेला बसल्या बसल्या झोपतो. कुत्रे पायाशी. मी त्याला विचारले, "थंडी वाजत नाही?" तो म्हणाला, "वाजती की; पर ऐकत न्हाई." मराठीच्या वर्गात थंडी 'वाजते' या क्रियापदावर मी अनेकदा बोललो आहे, इतके चांगले उदाहरण मला सुचले नव्हते.

आता विस्तवाचे. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण वाचकांपैकी पुष्कळजण या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन हुरड्याला किंवा तंबूत जातील.

तिसऱ्या रात्री वारा सुटला. आमच्या चार मुलांनी हुरड्याच्या आगटीतले रसरशीत निखारे घमेल्यात भरले आणि कनाती चारी बाजूंनी घट्ट बांधून ते मांडवाच्या कोपऱ्यात ठेवण्याचा बेत केला. ज्वाला नाही, धूर नाही, म्हणजे धोका नाही, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना अडवीत होतो, तोच आजी तरातरा आल्या आणि त्यांनी ते घमेले पायाने बाहेर ढकलले. "इस्तू आत घेऊन निजायचं नसतं रे बाबांनो! आमच्या तळावर एकदा तिघं निजले होते. सकाळी हाका मारल्या, उठंनात. ओढून भाईर घातले तवा कुठं शुद्धीवर आले. आठ दिवस डोकं धरून बसले."

शुद्धीवर आले हे त्यांचे नशीब. निखारे धुमसताना त्यांना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो आणि प्राणवायूला जागाच उरत नाही. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही. गुंगी येते, डोके जड होते, आणि थंडीत अशी गुंगी आली की माणूस तिला सुखाची झोप समजतो. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे दर हिवाळ्यात दगावतात, ती याच कारणाने. धूर निदान डोळे झोंबवून उठवितो. तेव्हा शेगडी असो, निखारे असोत की गॅसचा लहान स्टोव्ह, बंद तंबूत आणि बंद गाडीत झोपताना नको म्हणजे नको. डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी मोकळ्या हवेत या आणि मग कारण शोधा.

तळावरची चूल कोपीपासून सात-आठ पावले दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असते. पाचट किती भराभर पेटते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे अंतर सांगावे लागत नाही. पाण्याची घागर चुलीजवळ भरलेली. निजण्यापूर्वी घरची बाई निखाऱ्यांवर माती लोटते. मग विस्तवाची ऊब रात्री मिळते कशी? मुलांच्या पायांशी बाटल्या ठेवून. मुलांनी टाकलेल्या थंड पेयाच्या जाड बाटल्यांत सोसवेल इतके गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून ती बाटली पायांशी ठेवतात. आमच्या मुलींनी हा उपाय त्याच रात्री उचलला.

तसेच सापांचे. थंडीत साप कमी हिंडतात. पण फडात उंदीर, उंदरांमागे घोणस, आणि उबेसाठी माणसाच्या अंथरुणाकडे येणारी मण्यार. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून जमिनीवर निजणाऱ्याने मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोवाव्यात. ती केवळ डासांसाठी आहे असे समजू नये. रात्री पाय टाकण्यापूर्वी बॅटरी. आणि दंश झालाच तर ना चिरा, ना करकचून दोरी. हात-पाय न हलविता ज्या दवाखान्यात प्रतिसर्पविष आहे तिथे माणूस पोहोचवायचा.

पाचव्या रात्री मी एक गोष्ट पाहिली. आजींच्या कोपीत त्यांची सून बाळंत होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पोर याच तळावर जन्मलेले. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता धरला जातो. बायको बसली की अर्धा कोयता मोडतो आणि उचल घेतलेली फिटत नाही. म्हणून ती पुन्हा पहाटे तीनला फडावर जाऊ लागली होती. रात्री मात्र पोर तिच्या छातीशी, चोळीच्या आत, उघड्या अंगाला उघडे अंग लावून, वर पदर, वर वाकळ, फक्त नाक बाहेर. डोक्याला कापडाची टोपी. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटाच्या रुग्णालयात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असेच आईच्या छातीशी बांधले आणि ती जगली. आज सगळ्या जगातली इस्पितळे तिला 'कांगारू पद्धत' म्हणतात.

तिथवर सगळे ठीक. पण तीन वाजता ती उठून गेली की ते पोर आजींच्या वाकळीत. ही वेळ आणि त्यानंतरचे सूर्योदयापर्यंतचे तास रात्रीतले सर्वांत थंड. आजींनी मला सांगितले, "पाय गार लागले तर मी छातीशी घेते. पोट गार लागलं तर पळत फडावर जाऊन तिला आणते. रडत असलं तर भ्या नाही; गप पडलं, पेईना झालं, की भ्या." वैद्यकाच्या पुस्तकातली धोक्याची चिन्हे हीच आहेत. आमच्या बरोबरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या आशाताईंना तळावर आणले. पोराचे वजन झाले, लसीची नोंद झाली. सुनेने त्या दिवशी फड बुडविला. मुकादमाने नाक मुरडले, पण तो बोलला काही नाही, कारण तिथे पन्नास कॉलेजची मुले उभी होती.

तळावर संडास नव्हता, दिवा नव्हता. बायका अंधारात दोघी-तिघी मिळून जात. ऊस तोडायची यंत्रे आता या भागातही दिसू लागली आहेत. ती सर्वत्र आली की या माणसांचे काय, हा प्रश्न मी मुकादमाला विचारला. त्याने उत्तराऐवजी मला चहा दिला.

सातव्या दिवशी आमच्या आधी त्यांचाच तळ उठला. पुढचा फड गंगेच्या बाजूला होता. कोप्यांच्या काठ्या, चटया, कोंबड्यांची डालगी, सारे दोन तासांत गाड्यांत चढले. आजी पोराला पोटाशी धरून पुढच्या गाडीत बसल्या. जाताना ओरडून म्हणाल्या, "सर, पाचट जाळू नका, मालकाला इचारून रानात कुजवा!"

या वर्षीचे शिबिर पुन्हा तिथेच आहे. सामानाची यादी मी परवाच कार्यालयात दिली. नेहमीच्या यादीत साठ रिकामी बारदाने, जमिनीवर लावायच्या मच्छरदाण्या, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि तळ शेजारी आलाच तर म्हणून लहान मुलांच्या पंचवीस लोकरी टोप्या वाढविल्या आहेत. टोप्यांपुढे लेखापालांनी प्रश्नचिन्ह केले आहे. टोप्या विणायला आमच्या कॉलनीतल्या सात-आठ जणींनी सुरुवात केली आहे.